कड्यांचं चिलखत विणायचंय? आधी कडीचं माप बघा

नाटकासाठी किंवा हौस म्हणून जाळीचं चिलखत करणारे बरेच जण डायरेक्ट विणायला बसतात, पण खरी गंमत कडीच्या मापात आहे. आतला व्यास तारेच्या जाडीच्या साधारण 5 पट ठेवा, म्हणजे 1.6 मिमी तार असेल तर 8 मिमीची सळई घ्या आणि तिच्यावर तार घट्ट गुंडाळून स्प्रिंग करा (हीच कापून कड्या निघतात), हात सोडला की स्प्रिंग थोडी सैल होतेच ते धरून चाला. यापेक्षा मोठी कडी केली तर जाळी ढिली दिसते, फारच लहान केली तर या विणीत एका कडीतून ज्या चार कड्या ओवायच्या त्या जातच नाहीत.

कडी उघडताना तोंड बाहेर ताणू नका प्लीज, दोन पकडींनी एक टोक पुढे एक मागे असं वळवा, नाहीतर गोलाई जाते आणि परत नीट जुळत नाही. जाळीची दिशा पण बघा, उचलून लटकवली की वजनाने कड्या जवळ येऊन मिटली पाहिजे, उघडी राहिली तर 90 अंशात फिरवा.

जुन्या चिलखतांत बहुतेक कड्यांची टोकं चपटी करून, भोक पाडून रिव्हेट मारायचे, वारात कडी उघडू नये म्हणून. तसं करायचं तर तार आधी तापवून मऊ करावी लागते, पण जीआय तार (जस्ताचा थर दिलेली) अजिबात तापवू नका, जस्ताचा धूर फार वाईट, साधी काळी लोखंडी तारच घ्या.