अमेरिकी नागरिकत्व रद्द करण्याचा दावा दाखल झाल्यास

अर्ज करून मिळवलेले अमेरिकी नागरिकत्व कोणताही इमिग्रेशन अधिकारी स्वतःच्या सहीने काढून घेऊ शकत नाही. त्यासाठी सरकारला संघीय न्यायालयात दावा लावावा लागतो आणि ते नागरिकत्व बेकायदा, किंवा महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून दडवून अथवा खोटी सांगून मिळवले होते, हे स्पष्ट, निःसंदिग्ध आणि खात्रीलायक पुराव्याने सिद्ध करावे लागते. मात्र दिवाणी दाव्याला मुदतीचे बंधन नाही. वीस वर्षांपूर्वीचा अर्जही पुन्हा उघडला जाऊ शकतो. शिवाय ११ जून २०२५ च्या अंतर्गत टिपणाने अमेरिकेच्या न्याय विभागाने अशा दाव्यांना अग्रक्रम दिला आहे.

म्हणून नोटिशीची वाट न पाहता अमेरिकेच्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली आपल्या ए-फाइलची, म्हणजे सरकारकडच्या आपल्या इमिग्रेशन कागदपत्रांच्या फाइलची, प्रत मागवावी आणि त्यातला एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज शांतपणे वाचावा. आजवर वापरलेली सर्व नावे त्यात विचारलेली असतात. लग्नात नाव बदललेल्या आपल्याकडच्या किती जणींनी तिथे फक्त माहेरचे आडनाव लिहिले असेल! शाळेच्या दाखल्यावर सुनंदा, पासपोर्टवर माधवी, असा प्रकार असेल तर दाखला, विवाह प्रमाणपत्र आणि नावबदलाचे राजपत्र एकत्र ठेवावे. अशी चूक आपोआप घातक ठरत नाही. असत्य हे निर्णयावर परिणाम करू शकेल इतके महत्त्वाचे असावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या कुंगिस खटल्यात म्हटले आहे. दुसऱ्या नावाने निघालेला हद्दपारीचा जुना आदेश किंवा न सांगितलेली अटक यांची गोष्ट मात्र वेगळी आहे.

दाव्याची प्रत हाती पडल्यावर उत्तर देण्यास ६० दिवस मिळतात. ते गेल्यास एकतर्फी निकाल लागू शकतो. दिवाणी दाव्यात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, त्यामुळे संघीय न्यायालयात असे दावे लढवलेला वकील पहिल्याच आठवड्यात गाठावा आणि त्याच्याशिवाय तपास अधिकाऱ्यांना जबाब देऊ नये.

निकाल विरुद्ध गेला तर भारतीय नागरिकत्व आपोआप परत मिळत नाही, कारण भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार ते अमेरिकी नागरिकत्व घेतानाच संपलेले असते. दडवणूक किंवा खोटेपणा सिद्ध झाल्यास पालकांमुळे नागरिक झालेल्या मुलांचे नागरिकत्वही जाऊ शकते. त्यांची कागदपत्रे वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवावीत.