रोमचा तट वाचायचा कसा

रोममध्ये एक सकाळ हाताशी असेल तर ती शहराभोवतीच्या, रोमन सम्राट ऑरेलियनच्या तटाला द्या. पहिल्या खेपेला मी थेट तटाच्या संग्रहालयाचा जिना चढले आणि तट बाहेरून पाहायचा राहूनच गेला. तुम्ही आधी बाहेरून चाला.

सुरुवात पोर्ता लातिनापासून (पोर्ता म्हणजे दरवाजा). तट उजव्या हाताला ठेवून पोर्ता सान सेबास्तियानोकडे निघा. एका बुरुजापासून पावलं मोजा. चाळिसेक पावलांत पुढचा बुरूज येतो. अंतर १०० रोमन फूट, म्हणजे सुमारे ३० मीटर. हे चौकोनी बुरूज तटाच्या पुढे आलेले आहेत. दोन बुरुजांच्या मधोमध तटाला खेटून उभे राहा आणि दोन्हीकडे बघा. इथवर पोचलेल्या शत्रूवर दोन्ही अंगांनी बाण यायचे.

मग मान वर करा, आणि इथे अजिबात घाई करू नका. ऑरेलियनने इ.स. २७१ मध्ये हात घातलेलं हे १९ किलोमीटरचं काम पुढच्या सम्राट प्रोबसच्या काळात पुरं झालं. वाटेत आलेला सेस्टियसचा पिरॅमिडसुद्धा (ही एक जुनी कबर) तटातच घेतला, इतकी निकड होती. पुढे अलारिक राजाच्या गॉथ टोळ्यांची धास्ती पडली, तेव्हा ४०१ ते ४०३ च्या सुमारास सम्राट होनोरियसच्या कारकिर्दीत तटाची उंची जवळजवळ दुप्पट झाली. जुन्या चर्या, म्हणजे माथ्यावरचा दातेरी कठडा, पाडल्या नाहीत, मधल्या खाचा बुजवून वर बांधत गेले. त्या चर्यांचे दात काही ठिकाणी विटांमध्ये अजून ओळखू येतात. सकाळच्या तिरक्या उन्हात जुन्या-नव्याचा सांधा चांगला दिसतो, दुर्बीण हवीच. मला तो सापडला तेव्हा अर्धा तास मी तिथून हलले नाही. सव्वाशे वर्षांचं अंतर एका रेघेत दिसतं हो!

सान सेबास्तियानोचं जुनं नाव पोर्ता आपिया. आधी इथे दोन कमानी होत्या, नंतर एकच ठेवली. कमानीखाली दोन्ही बाजूंच्या दगडांत उभी खाच शोधा. वरून सोडायचा जाळीचा दरवाजा त्या खाचेतून खाली यायचा. रस्ता अरुंद आहे, गाड्या वेगात येतात, तेव्हा मुलांचा हात सोडू नका.

या दरवाज्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं. आतून तटावरच्या झाकलेल्या वाटेने चालता येतं, जंग्यांतून, म्हणजे बाण सोडायच्या फटींतून, बाहेर डोकावता येतं.

निघण्याआधी दरवाज्याच्या चौकटीवर कोरलेला देवदूत मायकेल बघा. २९ सप्टेंबर १३२७ च्या लढाईची ती आठवण. मोबाईलची बॅटरी बाजूने धरा, म्हणजे पंखांच्या रेघा उठून दिसतात.