सायलेन्सर गंजला: वेल्डिंग करून घ्यावे की नवा बसवावा?

गोव्यात सायलेन्सर बाहेरून खाऱ्या हवेने गंजतो आणि आतूनही. कारण घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या झाल्या तर धुराची नळी पुरेशी तापत नाही आणि धुरातील वाफेचे पाणी आतच साचून राहते. म्हणून पावसाळा सरल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी गॅरेजच्या रॅम्पवर चढवून संपूर्ण नळी पाहावी.

स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला, तर पत्रा शाबूत आहे. आवाज बद्द आला, पापुद्रे गळले किंवा टोकाने पत्रा दबला, तर वेल्डिंगवर पैसे घालवू नयेत. पातळ पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने जळतो आणि भोक बुजण्याऐवजी मोठे होते. सांध्याजवळचे एखादे भोक, नळी टांगून धरणारा तुटलेला रबरी हँगर, सैल क्लॅम्प किंवा सांध्यातले फुटलेले गॅस्केट (गळती रोखणारी चकती) यांसाठी मात्र दुरुस्तीच योग्य. आतून खडखड ऐकू येत असल्यास आतील पडदे सुटलेले असतात, आणि तेव्हा तो भाग बदलावाच लागतो.

धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारखे धातू असल्याने तो महाग पडतो. तरीही तो काढून साधी नळी जोडण्याचा सल्ला, कितीही आपुलकीने दिलेला असो, मानू नये, विशेषतः एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचे भारतीय मानक) गाडीत. गळती इंजिनाकडच्या बाजूला असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नये, कारण धूर गाडीत शिरू शकतो, त्यातील विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि पावसात आपण काचा बंद ठेवतो.