चंद्राजवळचा तो ठिपका कोणता ग्रह? आधी तिथी बघा

संध्याकाळी चंद्राच्या बाजूला काहीतरी लखलखतंय असं दिसलं की ॲप उघडायच्या आधी कॅलेंडरवर तिथी बघा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं. शुक्र सूर्यापासून साधारण ४७ अंशांच्या पलीकडे जातच नाही आणि चंद्र एका तिथीत सूर्यापासून १२ अंश पुढे सरकतो, म्हणजे संध्याकाळी शुक्र चंद्राजवळ दिसणार तो अमावास्येनंतरच्या बीज ते चतुर्थी, फार तर पंचमीला, तोही पश्चिमेलाच. अष्टमीनंतर किंवा पौर्णिमेला चंद्राशेजारी ग्रह असेल तर तो गुरू, मंगळ किंवा शनी, शुक्र नक्कीच नाही.

मग रंग बघा. गुरू दुधाळ पांढरा आणि ठसठशीत, शनी फिकट पिवळसर आणि बराच मंद. मंगळ तांबूस, पण इथे जरा थांबा कारण रोहिणी आणि ज्येष्ठा हे तारेपण लालसर आहेत आणि चंद्र दर महिन्याला त्यांच्या आसपासून जातो. तारा लुकलुकतो, ग्रहाचा उजेड बऱ्यापैकी स्थिर असतो, मात्र क्षितिजाजवळ ग्रहही थरथरतो म्हणून थोडा वर असतानाच ठरवा.

पुण्यात पश्चिमेला इमारती आडव्या येतात, तेव्हा अंधार पडायच्या आत वेताळ टेकडीवर किंवा सरळ गच्चीवर जा. दोन-तीन मिनिटांत ठिपका सरकला तर ते लोहगाव विमानतळाचं विमान. साधी १० बाय ५० ची दुर्बीण असेल तर कठड्यावर टेकवून गुरू बघाच, बाजूला एका रेषेत त्याचे चंद्र दिसतात, फार भारी वाटतं!