डीटीएच कस्टमर केअरशी डोकेफोड करताय? आधी या चुका टाळा

डीटीएच असलेल्या जवळपास प्रत्येक घरात कधी ना कधी हे झालेलंच असतं. रिचार्ज मारलाय, पैसे कापले गेलेत आणि स्क्रीनवर अजूनही रिचार्ज करा म्हणून पट्टी येतेय, कस्टमर केअरला फोन लावला की मराठीसाठी हे दाबा, तक्रारीसाठी ते दाबा, आणि एवढं करून माणूस लागलाच तर तो सांगतो बॉक्स बंद करून चालू करा. डोकं फिरणारच ना. आणि ज्या घरात फक्त म्हातारी माणसं आहेत, मुलं पुण्या-मुंबईला नाहीतर बाहेरच्या देशात, तिथे तर टीव्ही हीच दिवसभराची सोबत असते, त्यामुळे तो दोन दिवस बंद राहणं ही त्यांच्यासाठी लहान गोष्ट नसते.

नातेवाईकांच्या, शेजाऱ्यांच्या अशा तक्रारी मी बऱ्याच वेळा निस्तरल्यात आणि त्यातून माझं ठाम मत झालंय की आपले सगळ्यात जास्त पैसे जातात ते तोंडी व्यवहारात. फोनवर हो म्हणून टाकलं, घरी आलेल्या माणसाला रोख दिले, कंप्लेंट केली पण नंबर घेतला नाही. नंतर भांडायला गेलं की हातात काहीच नसतं.

सिग्नल गेला की लगेच माणूस बोलावणं

आपल्याकडे डीटीएच चालतं केयू बँडवर, म्हणजे उपग्रहाच्या एका ठरावीक प्रकारच्या रेडिओ लहरींवर, आणि या लहरी जोरदार पावसात थेंबांमध्ये शोषल्या जातात, त्यामुळे मोठी सर आली की सिग्नल जातो आणि पाऊस ओसरला की आपोआप येतो. याला कोणाचाच इलाज नाही, कंपनी बदलली तरी हेच होणार. पण लोक काय करतात, भर पावसात कंप्लेंट टाकतात, दुसऱ्या दिवशी माणूस येतो, तोवर टीव्ही चालू झालेला असतो आणि व्हिजिटचे पैसे मात्र द्यावे लागतात. पाऊस थांबल्यावर तासभर तरी वाट बघा, मग फोन करा.

अजून एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबरच्या शेवटी ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस भर दिवसा ठरावीक वेळी काही मिनिटं सिग्नल जातो, कारण त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो आणि डिशला सूर्याचाच गोंगाट जास्त मिळतो. हे पण आपोआप जातं, डिश हलवायला कोणाला वर चढवू नका.

आता सिग्नल खरंच गेला असेल तर आधी बॉक्सच्या मेनूमध्ये जाऊन सिग्नल स्ट्रेंथ आणि सिग्नल क्वालिटी या दोन पट्ट्या बघा. स्ट्रेंथ दिसतेय पण क्वालिटी शून्य असेल तर बहुतेक वेळा डिश हलली असते, किंवा समोर झाड वाढलेलं असतं. महाराष्ट्रातून सगळ्या कंपन्यांच्या डिश दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे तोंड करून असतात, त्यामुळे त्या बाजूला नारळाची झावळी किंवा गुलमोहराची फांदी आलीये का एवढं खालून बघितलं तरी पुरतं. दोन्ही पट्ट्या शून्य असतील तर वायर, कनेक्टर किंवा एलएनबी (डिशच्या समोर दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) यातलं काहीतरी गेलंय.

इथेच लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चिपळूणला माझ्या मामांच्या घरी पावसाळ्यात सिग्नल पूर्ण गेला, आलेल्या टेक्निशियनने खालूनच सांगितलं की एलएनबी उडालाय, नवीन टाकावा लागेल, आणि पैसे सांगितले. मामांना म्हटलं थांबा, आधी वरचा कनेक्टर उघडून दाखवायला सांगा. उघडला तर आतली तांब्याची तार हिरवी पडलेली, बाहेरची जाळी काळी आणि टेपच्या आत चक्क पाणी. दोन-तीन इंच वायर कापून नवीन कनेक्टर लावला, टेप वरून गुंडाळण्याऐवजी खालून वर गुंडाळत नेली म्हणजे प्रत्येक वेढा खालच्यावर चढतो आणि पाणी आत शिरत नाही, आणि वायरला कनेक्टरच्या आधी एक झोळ दिला की पाणी तिथून खाली ठिबकून जावं. टीव्ही चालू. एलएनबी तोच जुना अजून चालतोय. कोकणात, किनारपट्टीला खारी हवा असते तिथे तर कनेक्टर गंजणं अगदी नेहमीचं आहे. तेव्हा पार्ट बदलायचा म्हटलं की जुना पार्ट काढून दाखवा, नवीन लावून मीटरवर फरक दाखवा आणि बिल द्या, या तीन गोष्टी मागायच्याच. त्यात लाज वाटायचं काही कारण नाही.

स्वतः वायरला हात लावणार असाल तर आधी बॉक्सचं बटण मेनमधून बंद करा, कारण त्याच वायरमधून एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट जातात आणि शॉर्ट झालं तर बॉक्स जाऊ शकतो. आणि ओल्या कौलांवर, पत्र्यावर चढू नका, प्लीज. सीरियलचे दोन एपिसोड गेले तरी चालतील.

रिचार्ज झाला पण चॅनल नाही, म्हणून पुन्हा रिचार्ज मारणं

हे तर हमखास होतं. बॉक्स बंद असताना रिचार्ज केला की उपग्रहावरून येणारा चालू करण्याचा सिग्नल बॉक्सला मिळतच नाही. बॉक्स चालू करून एखाद्या दूरदर्शनच्या चॅनलवर ठेवा, अॅपमधून रिफ्रेश पाठवा, थोडा वेळ थांबा. तरी नाही झालं तर यूपीआयच्या पावतीवर ग्राहक क्रमांक बरोबर आहे का बघा, एक आकडा चुकला की पैसे दुसऱ्याच्याच खात्यात जातात. दुसऱ्यांदा पैसे भरायच्या आधी व्यवहार क्रमांक देऊन कंप्लेंट टाका, नाहीतर दोन रिचार्जचा घोळ सोडवायला महिना जातो.

बिलात काय काय आहे ते न बघता पॅक घेणं

1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायची, म्हणजे डीटीएचचे नियम करणाऱ्या दूरसंचार नियामकाची, नवीन दरपद्धत आली तेव्हा लोकांची जाम तारांबळ उडाली होती, आठवत असेल. त्यात दोन भाग झाले. एक नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे एनसीएफ, ही जोडणी वापरण्याचे पैसे, आणि दुसरा पे चॅनलचे पैसे. सुरुवातीला 100 चॅनलपर्यंत एनसीएफ जास्तीत जास्त 130 रुपये होती, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 153 रुपये 40 पैसे. 2020 च्या बदलांत त्याच 130 मध्ये 200 चॅनल आले, 200 च्या वर 160 रुपयांची मर्यादा घातली, आणि घरातल्या दुसऱ्या टीव्हीला पूर्ण एनसीएफच्या 40 टक्क्यांपेक्षा जास्त लावायची नाही असं ठरलं.

पण जुलै 2024 मध्ये ट्रायने ही एनसीएफची कमाल मर्यादाच काढून टाकली. फिटिंग, अॅक्टिवेशन, व्हिजिट, शिफ्टिंग, तात्पुरतं बंद ठेवणं याचे दरही कंपन्यांवर सोडले, अट एवढीच की ते जाहीर केले पाहिजेत. म्हणून 'सरकारी नियम 130 चा आहे' म्हणून कोणी भांडायला जात असेल तर तो मुद्दा आता चालत नाही. चालतो तो हा मुद्दा की तुमच्या वेबसाइटवर व्हिजिटचा दर अमुक लिहिलाय आणि तुमचा माणूस तमुक मागतोय. त्यामुळे माणूस बोलावण्याआधी दराच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, हे खूप कामाला येतं. मला स्वतःला ही मर्यादा काढलेली अजिबात पटलेली नाही, कारण स्पर्धा दर खाली ठेवेल हे शहरात ठीक आहे, पण गावात ज्याच्या छपरावर एका कंपनीची डिश आणि घरात त्याच कंपनीचा बॉक्स आहे तो काय रोज कंपनी बदलणार आहे का? एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही, नवीनच घ्यावा लागतो.

चॅनलच्या किमतीकडेही बघा. बुकेमध्ये, म्हणजे अनेक चॅनलच्या एकत्र पॅकमध्ये, टाकायच्या चॅनलची किंमत 19 रुपयांपेक्षा जास्त नसावी असा नियम आहे, जीएसटी धरून 22 रुपये 42 पैसे. घरात मराठीचे चार-पाच चॅनल, एक बातम्यांचं आणि एखादं क्रिकेटचं एवढंच बघत असतील तर सुटे चॅनल घेऊन हिशोब करून बघा, कधी बुके स्वस्त पडतो कधी सुटे, पण कागदावर बेरीज केल्याशिवाय कळत नाही. सह्याद्रीसारखे फ्री चॅनल एनसीएफमध्येच येतात, त्यांचे वेगळे पैसे नसतात. आणि क्रिकेटचा सीझन संपल्यावर स्पोर्ट्सचा पॅक काढायला विसरू नका, कितीतरी घरांत तो वर्षभर चालू राहतो आणि कोणी बघत पण नाही.

फोनवरच्या 'फ्री आहे सर' ला हो म्हणणं

दुपारी फोन येतो, आई किंवा आजी उचलते, समोरचा गोड बोलतो, भक्तीचं चॅनल आहे, रेसिपीचं आहे, इतके दिवस फ्री आहे, चालू करू का? ती म्हणते कर बाबा. मग फ्री मुदत संपली की रोजचे थोडे थोडे रुपये बॅलन्समधून कापायला सुरुवात, आणि आपल्याला वाटतं रिचार्ज हल्ली लवकर संपतो. रिचार्ज ठरलेल्या तारखेआधी संपत असेल तर पहिला संशय याच सेवांवर घ्या. अॅपमध्ये खात्याचा तपशील उघडून कपातीची यादी बघा, अनोळखी नाव दिसलं की बंद करा आणि लेखी विचारा की ही सेवा कोणाच्या संमतीने, कधी चालू केली, रेकॉर्ड द्या. तुमच्या संमतीशिवाय पैशांचं चॅनल चालू करता येत नाही, त्यामुळे हा प्रश्न विचारला की बरेचदा पैसे परत येतात. घरच्यांना एकच वाक्य शिकवून ठेवा, 'मुलाला विचारून सांगते, मेसेज पाठवा'.

रिमोटवरून सिनेमा विकत घेता येतो त्याला पिन लावून टाका, लहान मुलं सहज बटण दाबतात.

गुगलवर नंबर शोधून फोन करणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण इथे दोनशे-चारशे नाही, अख्खं खातं साफ होतं. नेटवर कंपनीच्या नावाने खोटे कस्टमर केअर नंबर टाकलेले असतात. तुम्ही रागात असता, कोणीतरी एका रिंगमध्ये फोन उचलतो, सर लगेच रिफंड देतो म्हणतो, मोबाइलमध्ये एक अॅप टाकायला सांगतो ज्यातून त्याला तुमची स्क्रीन दिसते, नाहीतर यूपीआयचा पिन टाकायला लावतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. नंबर फक्त कंपनीच्या अॅपमधून, टीव्हीच्या स्क्रीनवरून किंवा बिलावरून घ्या आणि तोच एका कागदावर लिहून टीव्हीमागे चिकटवून ठेवा, सोबत ग्राहक क्रमांक पण. तरी फसलात तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे गोठवण्याची शक्यता जास्त.

नोंदणीकृत मोबाइल नंबर चालू आहे का हेही बघून घ्या. वडिलांच्या बंद पडलेल्या सिमवर खातं असेल तर ओटीपी तिकडेच जातो आणि ऐन वेळी काहीच करता येत नाही.

एकाच माणसाशी भांडत बसणं

फोनवरच्या मुला-मुलींवर ओरडून काही होत नाही, त्यांच्या हातात काही नसतं. कंप्लेंट टाका, नंबर घ्या, मुदतीत झालं नाही तर तोच नंबर देऊन नोडल ऑफिसरला, म्हणजे कंपनीतल्या तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला, मेल करा, त्याची माहिती कंपनीच्या वेबसाइटवर असते. मेल मराठीत लिहिला तरी चालेल पण लांबण नको, ग्राहक क्रमांक, कधी काय झालं, किती पैसे गेले आणि तुम्हाला नक्की काय हवंय एवढंच. कंप्लेंट परस्पर 'सोडवली' म्हणून बंद केल्याचा मेसेज आला तर त्याच दिवशी उत्तर द्या की सुटलेली नाही, पुन्हा उघडा. माझ्या ओळखीच्या एका बाईंची तक्रार अशी तीनदा बंद केली गेली, घरी कोणी आलंच नव्हतं, आणि त्यांनी प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवला होता म्हणूनच शेवटी महिन्याचे पैसे परत मिळाले.

ट्रायला तक्रार करा असं लोक सांगतात, पण ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, ते नियम करतात. त्याऐवजी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा, तिथून तक्रार कंपनीकडे जाते आणि छोट्या रकमेची प्रकरणं बऱ्याचदा तिथेच मिटतात.

तेवढ्यावर नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीला असो की कुठेही. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि ऑनलाइन पण दाखल करता येतं. मुदत असते ती घटना घडल्यापासून 2 वर्षांची.

रागाच्या भरात बॉक्स नुसता बंद करून ठेवणं

सोडायचंच असेल तर नीट सोडा. बॉक्स तुमच्या मालकीचा आहे की भाड्याचा ते आधी बघा, भाड्याचा असेल तर परत दिल्याची पावती घ्या, उरलेला बॅलन्स लेखी मागा. बंद करायचं म्हटलं की लगेच सूट देणारा फोन येतो, कारण डीटीएचचे ग्राहक गेली काही वर्षं कमी होतायत आणि त्यांना तुम्हाला सोडायचं नसतं. ऑफर चांगली असेल तर जरूर घ्या, पण मेसेजवर आल्याशिवाय हो म्हणू नका.

आणि ज्यांना महिन्याचा खर्चच नको त्यांच्यासाठी प्रसार भारतीचं डीडी फ्री डिश आहे, 2004 पासून चालू आहे, बॉक्स आणि डिशचे एकदा पैसे द्यायचे, पुढे रिचार्ज नाही. मोठ्या मराठी मालिका ज्या पे चॅनलवर लागतात ते मात्र तिथे मिळत नाहीत, तेव्हा घरातल्यांना संध्याकाळी काय बघायचं असतं ते विचारूनच बदला.