मधुमेह आणि हार्ट फेल्युअर: घरी रोज काय सांभाळावे

हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी झाली की शरीरात पाणी साचू लागते, आणि त्याची चाहूल पुष्कळदा धाप लागण्याआधीच वजनातून लागते. म्हणून मधुमेहाच्या रुग्णाला हार्ट फेल्युअर असल्याचे निदान झाल्यावर घरात आधी चांगला वजनकाटा आणावा. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहा घेण्यापूर्वी, हलक्या कपड्यांत वजन करून ते वहीत लिहावे. त्याच पानावर रक्तदाब आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे साखर लिहावी. दोन-तीन दिवसांत सुमारे २ किलो वजन वाढले, घोट्यांवर सूज आली किंवा रात्री झोपताना एक उशी जास्त घ्यावी लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. थकवा आणि सूज यांचे खापर साखरेवर फोडून आठवडे घालवणे फार महागात पडते. मधुमेहामुळे मज्जातंतू दुबळे झालेल्या रुग्णाला हृदयविकारातही छातीत दुखेलच असे नाही, हेही घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

गोव्यातील घरांत खरी कसोटी मिठाची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभराहूनही कमी मीठ खावे. पावसाळ्यासाठी पुरुमेंतात भरून ठेवलेले खारे बांगडे, सुकी सुंगटे (कोलंबी), मिठातल्या कैऱ्या, लोणची आणि पापड यांतले थोडेसे पेजेबरोबर घेतले, तरी ही मर्यादा सहज ओलांडली जाते. खारे मासे पाण्यात भिजवल्याने मीठ कमी होते, पण पुरेसे जात नाही. मासळीच बंद करणे मात्र मला योग्य वाटत नाही, कारण असे पथ्य फार दिवस टिकत नाही. ताजे तारले किंवा बांगडे आणून हुमणात (माशांच्या आमटीत) तिरफळ, चिंच आणि आले यांचा स्वाद वाढवावा व मीठ हात राखून घालावे. भात उकड्या तांदळाचा असला तरी मोजूनच वाढावा. डॉक्टरांनी दिवसभराच्या पाण्यावर मर्यादा घातली असेल, तर पेज, सोलकढी आणि चहाही त्यात धरावा.

बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी हृदयाची औषधे चालू असताना, विशेषतः मूत्रपिंडे कमकुवत असल्यास, रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. त्यामुळे असे मीठ किंवा रोजचे शहाळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

औषधांच्या बाबतीत साखरेच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांना एकच संपूर्ण यादी दाखवावी. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे मधुमेहासाठी आली, पण हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात भरती व्हावे लागण्याची शक्यताही ती कमी करतात. ती आपल्याला चालतील का, हे आवर्जून विचारावे. ती घेताना जननेंद्रियांची स्वच्छता राखावी. उलट्या, जुलाब किंवा खाणे बंद असताना ती तात्पुरती थांबवावी लागतात, कारण साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्ल साचू शकते. म्हणून सोमवार, एकादशी किंवा चतुर्थीच्या उपवासाआधी या गोळीचे, तसेच इन्सुलिनचे काय करायचे, ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. याउलट मधुमेहाच्याच औषधांपैकी पायोग्लिटाझोन शरीरात पाणी धरून ठेवते आणि सॅक्साग्लिप्टिननेही हार्ट फेल्युअरचा धोका वाढू शकतो. ही नावे यादीत दिसली, तर लगेच विचारणा करावी. गुडघेदुखीसाठी फार्मसीतून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्याही पाणी साठवतात आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतात.

बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारे औषध) चालू असेल, तर साखर उतरल्यावर होणारी धडधड जाणवेलच असे नाही, पण घाम बहुधा येतो; अशा वेळी अचानक घाम आल्यास लगेच साखर तपासावी.

आडवे होताच जीव घुसमटणे, गुलाबी फेसाळ थुंकी पडणे, ओठ निळसर होणे किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही घडले तर लगेच १०८ ला फोन करावा. रुग्ण शुद्धीत असेल, तर त्याला पाय खाली सोडून ताठ बसवावे, पाणी पाजत बसू नये. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा जवळच्या जिल्हा रुग्णालयात नेताना वजनाची वही आणि चालू औषधांची पाकिटे बरोबर द्यावीत.