'ऑरा ली' आणि अडलेला तीव्र मध्यम

ॲपलाचियन डल्सिमरवर (मांडीवर ठेवून वाजवायचं अमेरिकन तंतुवाद्य) सगळे स्वर नसतात. काळ्या पट्ट्या काढून घेतलेली पेटीच म्हणा ना! त्यावर 1861चं 'ऑरा ली' हे गाणं बसवत होतो (1956चं 'लव्ह मी टेंडर' याच चालीवर). तारा डी-ए-डी सुरांत लावलेल्या: खर्जाची, मधली आणि चालीची; सा म्हणजे डी. 'प सा नी सा' चालीच्या तारेवर 4, 7, साडेसहा (6 आणि 7च्या मधला जादा पडदा), 7 या पडद्यांवर सहज आलं. पुढच्या 'रे ध रे'ला मात्र सुटा खर्ज (न दाबता वाजणारी खर्जाची तार) खटकायचा. तिथल्या कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या स्वरांना) हवा तीव्र मध्यम, आणि चालीच्या तारेवर तो नाहीच. दोन संध्याकाळी वाया. मग सापडलं: मधल्या ए तारेवर साडेसहावा पडदा म्हणजेच तीव्र म! आता त्या चार मात्रा खर्जाची तार छेडत नाही; मधली साडेसहावर धरतो, चाल 8, 5, 8. अंगठा जरा ताणतो.